पाच करवतींचं कपाट

आमच्याकडे खरा पाऊस येतो तो परत जाताना. जूनमध्ये पुण्याचे लोक फोनवर धबधब्यांचे फोटो पाठवत असतात, तेव्हा दौंडला नुसता वारा असतो. ढग डोक्यावरून पूर्वेला निघून जातात, थांबत नाहीत. थांबतात ते सप्टेंबरात. दुपारी चारच्या सुमाराला सोलापूरच्या बाजूचं आभाळ काळं होतं, यार्डातल्या मालगाड्या एकाएकी जवळ आल्यासारख्या दिसतात, आणि पत्र्यावर असा आवाज सुरू होतो की घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मग महिनाभर सगळं दमट. मिठाला पाणी सुटतं. काडी पेटत नाही. बायबलची पानं फुगतात आणि पुस्तक नीट मिटत नाही. आणि मागच्या शेडमध्ये पप्पांच्या हत्यारांना गंज धरतो.

यंदाही तो पाऊस आलाय. मी पुण्यात नोकरी करते, शनिवारी डेमू गाडीनं घरी येते. गेल्या शनिवारी पिशवी ओट्यावर ठेवून शेडकडे गेले आणि दारातच थांबले. ओल्या लोखंडाचा वास रक्तासारखा असतो. हे मला गेल्या वर्षी कळलं. आता हा वास आला की मी आधी पप्पांच्या हातांकडे बघते.

पप्पा रेल्वेत सुतार होते. डब्यांची दारं, बाकं, खिडक्यांच्या चौकटी हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं, हे छोटं घर बांधलं आणि मागे पत्र्याची शेड टाकली. घराला रंग द्यायच्या आधी शेडमध्ये लाकूड कापायचं टेबल आलं होतं, यावरून मम्मी अजून बोलते. पप्पांचे वडील शिरूरचे. तिथल्या जुन्या मिशनच्या सुतारशाळेत ते शिकले आणि तिथली एक मोठी करवत घेऊन आयुष्यभर गावोगाव हिंडले. वडगाव रासाईला नदीकाठच्या काही घरांना अजून त्यांनी केलेली दारं आहेत म्हणे. आजोबा मी पाहिलेले नाहीत. करवत पाहिली आहे. तिच्या लाकडी मुठीत दोन माणसांच्या बोटांनी खळगे पाडलेत. तिथं माझी बोटं ठेवली तर ती सैल बसतात.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. चर्चमधलं कोणी गेलं की दफनाची पेटी आमच्या घरातून जाते. आधी आजोबा करायचे, मग पप्पा. निरोप आला की पप्पा सुतळी घेऊन त्या घरी जातात, डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेऊन सुतळीला गाठ मारतात आणि परत येऊन चहासुद्धा न घेता शेडमध्ये शिरतात. लहानपणी पप्पा क्वार्टरच्या मागच्या अंगणात कापायचे; त्या दिवशी मी पुढच्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसायची. करवतीचा आवाज तरी यायचाच. जाताना एक सूर, येताना दुसरा. मी इंग्लिश मीडियमला होते. वर्गात कोणी वडील काय करतात विचारलं की मी म्हणायची, रेल्वेत. पुढचं सांगायची नाही. कोणी पुढचं विचारलंही नाही. मुळात मला कोणी फारसं काही विचारत नसे, आणि मला ते सोयीचं वाटायचं.

गेल्या वर्षी जुलैत पप्पा शेडमध्ये एक फळी कापत होते. काप सुरू करताना डाव्या अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून ठेवायचं असतं, म्हणजे करवत रेघेवरून सरकत नाही. साठ वर्षांच्या माणसानं चाळीस वर्षं रोज हे केलेलं. त्या दिवशी मम्मी कपडे वाळत घालायला मागे गेली आणि तिला फळीवर लाल दिसलं. पप्पा कापतच होते. त्यांना वाटलं, लाकडातूनच काहीतरी उतरतंय.

त्यांना साखर आहे. बोटं हळूहळू बधिर होत गेली होती. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. चहाचा कप उशिरा खाली ठेवायचे, शर्टाची गुंडी लावायला वेळ लागायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. जखम महिनाभर भरली नाही. अंगठ्याचं टोक काळं पडलं आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ते काढलं. पट्टी बांधल्यावर डॉक्टर पप्पांशी नाही, बाहेर येऊन माझ्याशी आणि मम्मीशी बोलले. म्हणाले, "पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. हात जाईल. हत्यारं बंद."

बाहेर बाकावर बसल्यावर मम्मी म्हणाली, "तू सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत."

"मी?"

"तुझ्या शब्दाला ते नाही म्हणत नाहीत."

खरं होतं ते. पण त्याचं कारण मी कधी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. मी मनात वाक्य तयार केलं. पप्पा, आता करवत नको. एवढंच. चार शब्द. घरी येईपर्यंत मी ते इतक्यांदा मनात म्हटलं की त्यातला अर्थ निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणू. आठवडा गेला. पप्पा एका हातानं शेड झाडायला लागले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी पट्टीवर रबरी मोजा चढवला आणि रंधा हातात घेतला.

मला पुण्यात नोकरी लागली होती, पण ऑक्टोबरात हजर व्हायचं होतं. सप्टेंबरभर मी घरी होते. पाऊस सुरू झाला आणि एका दुपारी पप्पांनी शेडमधली पत्र्याची ट्रंक उघडली. आत पाच करवती गोणपाटात गुंडाळलेल्या, एकीवर एक. गोणपाट ओलं. पप्पांनी आजोबांची करवत उजेडात धरली. पात्यावर तांबूस ठिपके उठले होते.

"एकीचे दात दुसरीला लागत्यात आन् दोघी बोथट होत्यात," पप्पा म्हणाले. "दोन जावा एका खोलीत ठेवल्यासारखं."

मम्मी दारात डाळ निवडत होती. "आणि दोन भाऊ? ते काय एका डब्यात गुण्यागोविंदानं राहतात?"

"दोन भावांना दात नसत्यात."

"हो, कुऱ्हाडी असतात."

ते हसले. आणि त्या हसण्यात मला ती कल्पना सुचली. मला वाटलं, फार हुशारीची कल्पना आहे. मी म्हणाले, "पप्पा, आपण यांच्यासाठी कपाट करू. भिंतीवर टांगायचं. मी पण करीन तुमच्याबरोबर."

ते माझ्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांत मी हत्याराला स्वतःहून कधी हात लावला नव्हता. "तू?" ते म्हणाले. मग लगेच, मी विचार बदलायच्या आत, "चल."

मी पुढचं बोलले नाही. पुढचं असं होतं की कपाटाला दार असेल, दाराला कुलूप असेल आणि चावी माझ्याकडे असेल. जे मला तोंडानं सांगता येत नव्हतं ते मी लाकडाकडून सांगवून घेणार होते. आणि तेही त्यांच्याच हातांनी.

त्या तीन आठवड्यांबद्दल लिहायला बसले की मला अजून धड कळत नाही की हे दुःखाचं लिहायचं की सुखाचं. सकाळी अकरापर्यंत ऊन असायचं. मी शेडमध्ये गेले की पप्पांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं असायचं. लाकूड चर्चमधल्या मोडक्या बाकाचं होतं. त्यावर कोणीतरी पिनेनं कोरलेली नावं होती, एक बदामही होता. पप्पा म्हणाले, "ही बाजू आत घालू. करवतीला वाचाय येत न्हाई."

मी लॅपटॉपवर चित्र काढून नेलं होतं. मापं मिलिमीटरमध्ये. एक रुंद आडवी फळी, तिच्या पुढच्या कडेला पाच उभ्या खाचा. प्रत्येक खाचेत एका करवतीचं पातं सरकवायचं, मूठ फळीवर टेकेल आणि पातं खाली मोकळं लोंबेल. कोणाचे दात कोणाला लागणार नाहीत. पाचही खाचा मी सारख्या काढल्या होत्या, नीट अंतर राखून, प्रत्येक दीड मिलिमीटर रुंद. पप्पांनी चष्मा वर करून चित्र बघितलं.

"हे कुणी ठरवलं? दीड?"

"पात्यांची जाडी मोजली मी. जास्तीत जास्त एक भरली. म्हणून दीड."

"पाचींना एकच?"

"हो. सारखं दिसेल."

"सारखं दिसाय त्या काय बँडवाल्या हायेत?" मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांना आजोबांनी सांगितलं होतं आणि आजोबांना सुतारशाळेतल्या कोणा मास्तरांनी. ज्या करवतीची खाच, ती त्याच करवतीनं कापायची. दुसरीनं कापलेल्या जागेत ती एकतर अडकते, नाहीतर खडखडते. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वळवलेले असतात, म्हणून ती लाकडात आपल्या पात्याहून थोडी जास्त जागा करते. तेवढ्या जास्तीच्या जागेमुळेच तिला मागे येता येतं. "न्हाईतर आत गेली की गेली," पप्पा म्हणाले. "चिकटून बसंल."

मी ते मनात लिहून ठेवलं. त्यांच्याशी मी जे करत होते त्यात अशी जास्तीची जागा कुठंच नव्हती.

पहिली खाच त्यांनीच कापली, आजोबांच्या करवतीनं. टोक नसलेला अंगठा पात्याला टेकला तेव्हा मी तोंडातल्या तोंडात प्रार्थना केली. नऊ दहा हातांत पातं सहा इंच खाली गेलं, एका सुतानंही न हलता. भुसा माझ्या पायांवर पडला, गार आणि जुन्या चर्चच्या वासाचा. दुसऱ्या खाचेला मी म्हणाले, "मी करते." तिसरीला म्हणाले, "मीच करते." ते खूश झाले. त्यांना वाटलं मला गोडी लागली. मी फक्त त्यांचा अंगठा पात्यापासून लांब ठेवत होते. पण हेही पूर्ण खरं नाही. तिसऱ्या खाचेला करवत एका क्षणी आपोआप चालायला लागली, खांदा सैल झाला, जातानाचा आणि येतानाचा, असे ते दोन सूर माझ्या हातातून निघाले, आणि मी कशासाठी हे करतेय ते विसरले. किती वेळ, कोण जाणे. पप्पा म्हणाले, "आता बरोबर. आता ती तुला वळखती."

एका दुपारी भांडगावचे आप्पा आले. हे पप्पांचे जुने दोस्त, शेतकरी. हायवेला त्यांची जमीन आहे आणि मोडकी वस्तू घेऊन आल्याशिवाय ते कधी येत नाहीत. पाऊस लागला म्हणून शेडमध्ये उभे राहिले, टोपी झटकली आणि मला करवत चालवताना बघून म्हणाले, "मिस्त्री, शागीर्द ठेवला व्हय? पगार काय देता?"

"पोरगी शिकतीय," पप्पा म्हणाले. आवाजात काय होतं ते मी इथं लिहू शकणार नाही.

"बाय, इंग्लिश शाळेत सुतारकी पण शिकवत्यात का?"

मी मान खाली घातली. आप्पांना वाटलं मी लाजले.

"शिकू द्या," आप्पा म्हणाले. "आमचा पोरगा तर ट्रॅक्टरवरनं खाली उतराय तयार न्हाई. बाभळीचा काटा काढायला बी यूट्यूब बघतो."

त्याच आठवड्यात रूथमावशी येऊन गेल्या. चर्चच्या मागच्या खोलीत राहायच्या, एकट्या. मंडळीच्या तीन पिढ्यांना त्यांनी संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. ऐंशी तर नक्की उलटलेल्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. कपाट बघितलं, खाचांत बोट घालून बघितलं आणि पप्पांना म्हणाल्या, "करवतींना घर झालं. माझं कधी करतोस?"

"घाई काय हाय मावशी?"

"घाई नाही. पण सांगून ठेवते. सागवान नको, आंब्याचं चालेल. आणि आतून रंधा नीट मार. माझी पांढरी साडी अडकायला नको."

"मारीन की."

"तूच कर हं. विकतची नको. त्या विकतच्या पेटीत माणूस पाहुण्यासारखा दिसतो."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या हातात त्या वेळी दाराची कडी होती, बसवायची.

कुलपाचं मी सहज बोलल्यासारखं बोलले होते. शेड उघडीच असते, कोणी करवती नेल्या तर. पप्पा म्हणाले, "करवत कोण नेतंय गं आता? मोबाईल नेतील." पण कडीकोयंडा त्यांनी बसवला. मी म्हटलं म्हणून. भिंतीवर टांगताना त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि माझ्या खांद्याजवळ पेन्सिलीनं खूण केली. म्हणाले, "तुझ्या मापानं लावू. तुला काढाय-ठेवाय बरं." त्यांना स्वतःला त्यासाठी वाकावं लागणार होतं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. ते अगदी जवळ उभे होते, कानामागची पेन्सिल दिसत होती, हातोडी खाली होती, बाहेर पाऊस थांबला होता. इतकी शांतता मला पुन्हा मिळाली नाही. मी म्हणाले, "थोडं खाली घ्या." त्यांनी दोन इंच खाली घेतलं.

ऑक्टोबरात निघायच्या दिवशी, चर्चच्या भक्तीहून आल्यावर, मी करवतींना तेल लावलं, पाचही आपापल्या खाचेत सरकवल्या, दार लावलं आणि कुलूप घातलं. चाव्या दोन होत्या. मम्मीनं एक मागितली. मला वाटलं, पप्पांनी मागितली तर ती देऊन टाकेल. मी दोन्ही पर्समध्ये टाकल्या. पप्पा पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना वाटलं असणार, पोरगी आवराआवर करतेय.

नोकरीचा आठवा दिवस. फोन सायलेंटवर होता. बाहेर येऊन बघितलं तर मम्मीचे तीन कॉल. मी फोन केला तर उचलला पप्पांनी.

"रूथमावशी गेल्या गं. सकाळी. झोपेतच."

मी जिन्याकडे जाऊन उभी राहिले.

"माप घेऊन आलोय. चावी कुठं ठेवलीस?"

"पप्पा, माझ्याकडे आहे."

"दुसरी?"

"दोन्ही."

फोनमधून गाडीची घोषणा ऐकू येत होती. आमच्या घरातून स्टेशनचं सगळं ऐकू येतं. कुठलीतरी गाडी उशिरा होती.

"बरं," पप्पा म्हणाले.

मी त्यानंतर तासभर जागेवर बसून होते. दुपारच्या गाडीनं निघाले असते तर पाचपर्यंत पोचले असते. एक आंब्याची फळी, चार बाजू, झाकण. झालं असतं. पण आठ दिवसांच्या नोकरीत, कालपर्यंत नाव माहीत नसलेल्या माणसासमोर उभं राहून रजा मागायची, आणि कारण काय सांगायचं? करवतीची चावी माझ्याकडे आहे? मी मेसेज टाइप केला आणि खोडला. पुन्हा टाइप केला. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय असेच झालेत. मी काही ठरवत नाही, नुसता वेळ निघून जातो.

घरी काय झालं ते मला मम्मीनं नंतर सांगितलं. आप्पा आले होते. म्हणाले, "फोडा की मिस्त्री. टिकाव आणतो, दोन मिंटाचं काम." पप्पा म्हणाले, "न्हाई. लेकीनं लावलंय." मग ते त्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत. त्यांनीच बसवले होते. साधा स्क्रूड्रायव्हर घेतला असता तर दार हातात आलं असतं, कुलपाला धक्काही न लागता. चाळीस वर्षं दारं बसवलेल्या माणसाला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. पण दार जागेवर राहिलं. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी पुण्याला फोन केला आणि टेंपोतून तयार पेटी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पोचले तेव्हा सगळे दफनभूमीत होते. पेटी चकचकीत होती, आतून सॅटिन, सोनेरी कड्या. आणि लांब. रूथमावशींच्या पायांपासून पुढे दीडेक फूट रिकामं होतं. कोणीतरी तिथं शेवंतीची फुलं भरली होती, पण फुलं पुरली नव्हती. पप्पा डोक्याशी उभे होते. त्यांच्या खिशातून सुतळीचं टोक बाहेर आलं होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "लांब झाली."

घरी आल्यावर मी कुलूप काढलं आणि कुलूप, दोन्ही चाव्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या. आता तरी सांगायला हवं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते, मम्मी काय म्हणाली ते, मी कपाट कशासाठी करवलं ते. मी म्हणाले, "सॉरी पप्पा." इंग्रजी शब्द किती पटकन सुटतो तोंडातून, आणि त्याच्याबरोबर काहीच जात नाही.

त्यांनी चाव्या माझ्याकडे सरकवल्या. "राहू दे तुझ्याकडं."

त्यानंतर वर्षभर त्यांनी करवत मागितली नाही. कपाटाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती, तरी उघडलं नाही. मम्मीला बरं वाटलं. अंगठा बरा आहे, साखर आटोक्यात आहे, डॉक्टर खूश. मी ज्यासाठी हे केलं ते सगळं झालं. पप्पा आता सकाळी स्टेशनवर जाऊन बसतात, गाड्या बघतात, अकराला परत येतात. जानेवारीत मंडळीतले आणखी एक जण गेले. निरोप आमच्याकडे आलाच नाही. थेट पुण्याला फोन गेला. एवढ्या वर्षांची रीत अशी न बोलता बंद पडली. त्या दिवशी पप्पा जेवले का, हे मी मम्मीला विचारलं नाही.

कधी वाटतं, त्यांना माझा राग आहे. कधी वाटतं, त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटत होती आणि कोणीतरी कुलूप लावायची ते वाट बघत होते. आणि कधी, विशेषतः गाडीत उभी असताना, उरुळीच्या पुढे उसाचा ओला वास यायला लागतो तेव्हा, वाटतं की त्यांनी यातलं काहीच मनात आणलं नसेल. त्यांच्या लेखी एवढंच झालं असेल, की मुलीला शिकायचं होतं, ती शिकली आणि मग तिला नोकरी लागली. हे तिसरं मला सगळ्यात जड जातं.

तर गेल्या शनिवारी मी शेडच्या दारात थांबले होते. आत पप्पा आणि आप्पा होते. आप्पांनी बाजेचा मोडका पाय आणला होता आणि नवा करायला बाभळीचं लाकूड.

"ये बाय," आप्पा म्हणाले. "तुझा बा चार दिवस झाले मला पळवतोय. म्हणतो, ती आली की बघू. मी म्हणलं कपाट बांधलं आन् दुकान बंद केलं, असा कसा मिस्त्री? म्हातारी खाली झोपती माझी."

पप्पा मला म्हणाले, "दमली असशील तर उद्या."

"नाही. करू."

मी कपाट उघडलं. दार दमटपणानं फुगलं होतं, जोर लावावा लागला. आजोबांच्या करवतीवर मागच्या वर्षीसारखेच ठिपके. मी तेलाचा बोळा फिरवला. पप्पांनी लाकडावर पेन्सिलीनं रेघ मारली. पेन्सिल बोटांत धरली आहे की नाही, ते त्यांना बघून ठरवावं लागत होतं. मी रेघेवर पातं ठेवलं. बाभूळ टणक असते, पहिल्याच हाताला करवत सरकली.

"आसं न्हाई," पप्पा म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी डावा अंगठा पात्याला टेकवला. टोक नसलेला, शेवटाला गुलाबी कातडी ताणलेला. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. हातानंच केलं. "हां. मार आता."

मी हात खाली आणला नाही.

"मार की."

आप्पा काहीतरी बोलत होते, ते थांबले.

"पप्पा, हात काढा तिथून."

"काढला तर सरकंल ती."

"सरकू दे."

"लाकूड खराब हुईल."

"होऊ दे. तुम्हाला कळत नाही बोटांना. लागलं तरी कळत नाही. तेव्हा पण कळलं नव्हतं. म्हणून मी कुलूप लावलं होतं. म्हणूनच केलं होतं कपाट. हात काढा, पप्पा."

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला होता. मम्मी स्वयंपाकघरातून ओट्यावर आलेली मला दिसली. पप्पा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग होता का ते मला ओळखता आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे एवढा वेळ सरळ कधी बघितलेलं नाही. मग त्यांनी अंगठा उचलला. तो हात कुठं ठेवायचा ते त्यांना सुचेना. टेबलावर ठेवला, उचलला, शेवटी पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं धरला.

मी पुन्हा पातं ठेवलं. करवत सरकली. बाभळीवर एक पांढरा ओरखडा उठला. पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा धरली.

"वाकडं चाललंय मिस्त्री," थोड्या वेळानं आप्पा म्हणाले. "सांगा की तिला."

पप्पा वाकून बघत होते, हात पाठीमागेच.

"तिला दिसतंय," ते म्हणाले.